पढवलेला साक्षीदार

वाचकहो, न्यायालयात वीस वर्षे उभे राहिल्यानंतर वकिलाच्या कानाला एक सवय लागते. समोरचा साक्षीदार पाहिलेले सांगतो आहे की पढवलेले, हे त्याला पहिल्या दोन-चार वाक्यांतच कळू लागते. पढवलेला साक्षीदार अडखळत नाही. त्याची वाक्ये घोटून गुळगुळीत झालेली असतात. परंतु उलटतपासणीत "त्या वेळी कंदील कोणाच्या हातात होता?" एवढा साधा प्रश्न आला की सारा डोलारा कोसळतो, कारण कंदील त्याच्या पाठांतरात नसतो. खरा साक्षीदार चाचरतो, मागे जातो, स्वतःचे वाक्य स्वतःच दुरुस्त करतो. पण कंदील कोणाच्या हातात होता हे तो विसरत नाही.

न्यायालयातला हा अनुभव मी आज शिक्षणाच्या प्रश्नाला लावणार आहे. त्याला निमित्त घडले ते असे. आमच्या वस्तीतील एक मुलगी मुंबईत व्यवसायोपचाराची, म्हणजे ज्याला रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्या शास्त्राची, पदवी घेऊन बाहेर पडली. पुढील शिक्षणासाठी तिने अमेरिकेतील दोन विद्यापीठांकडे अर्ज केले आणि दोन्हीकडून मुलाखतीचे बोलावणे आले. आपल्याकडे महाराष्ट्रात या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सामायिक लेखी परीक्षा असते. त्यामुळे समोर बसून बोलून प्रवेश मिळवण्याची आपल्या मुलांना सवय नाही. मुलगी घाबरली. तिने कोठल्याशा मार्गदर्शन वर्गाला पैसे भरले आणि तेथून सव्वीस प्रश्नांची सव्वीस उत्तरे छापील स्वरूपात आणली. ती घेऊन ती माझ्याकडे आली व म्हणाली, "जय भीम, वकीलकाका. तुम्ही लोकांची उलटतपासणी घेता; एकदा माझी घ्या."

मी पहिलाच प्रश्न विचारला, हेच शास्त्र का निवडलेस? उत्तर आले, लहानपणापासून मला मानवसेवेची तळमळ आहे. मी म्हटले, लहानपणी कोणाची सेवा केलीस ते सांग. मुलगी गप्प झाली. कंदील कोणाच्या हातात होता, हे सव्वीस उत्तरांत कोठेच नव्हते.

या शास्त्राविषयी आपल्या समाजात फारशी माहिती नाही, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. 'व्यवसाय' या शब्दामुळे पुष्कळांची समजूत अशी होते की ही नोकरी लावून देणारी काही योजना असावी. (त्या मुलीच्या आजीला अद्याप असेच वाटते, आणि नातीने स्वतःसाठीच ती का वापरली नाही, असे ती विचारते.) वस्तुतः येथे व्यवसाय म्हणजे माणूस आपल्या दिवसात जे जे अर्थपूर्ण करतो ते सर्व: आंघोळ, वेणीफणी, सदऱ्याची गुंडी लावणे, भाकरी थापणे, कामावर जाणे, लेकराला खेळवणे. आजाराने वा अपघाताने यांतले जे हातून सुटले ते पुन्हा हाती यावे, पूर्वीच्या पद्धतीने न जमल्यास नव्या पद्धतीने यावे, यासाठी हे शास्त्र झटते. १९१७ साली अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हा धंद्याने वास्तुशास्त्रज्ञ होता. क्षयाने खचलेला, पायाचा भाग कापावा लागलेला आणि डावे अंग लुळे पडलेला हा मनुष्य स्वतःवरच प्रयोग करून उठला होता. आपल्या देशात या शिक्षणाची पहिली शाळा १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी काढली. जन्माने त्या अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. तेव्हा आपली मुलगी अमेरिकेतील विद्यापीठापुढे बसते ती काही भिक्षापात्र घेऊन बसत नाही. जेथे ती शिकली त्या मुंबईचे या शास्त्रातील स्थान जुने आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी ती छापील उत्तरे बाजूला ठेवली आणि विचारले, या शास्त्राचे नाव तू प्रथम केव्हा ऐकलेस? पुष्कळ आढेवेढे घेतल्यानंतर ती सांगू लागली. तिचे वडील शहराच्या सफाई खात्यात आहेत. ती दहावीत असताना कचरा उचलताना काचेने त्यांच्या उजव्या हाताचा तळवा चिरला आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. (आपण शिरा म्हणतो, वैद्यकात त्यांना कंडरा म्हणतात, असे तिने मला सुधारून सांगितले. हा चांगला साक्षीदार, असे मी मनात म्हटले.) शस्त्रक्रिया झाली. पुढे हाताच्या उपचारासाठी ज्या बाईंकडे पाठवले त्यांनी पहिल्या भेटीत बोटांकडे पाहण्यापूर्वी एक प्रश्न केला: "सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुम्ही काय काय करता?" असा प्रश्न त्या माणसाला आयुष्यात कोणीही विचारला नव्हता. त्यांनी झाडू सांगितला, हातगाडी सांगितली, जेवणाच्या डब्याचे झाकण सांगितले. आणि सर्वांत शेवटी, खाली मान घालून, ढोलकी सांगितली. ते गायनपार्टीत ढोलकी वाजवतात. एप्रिल महिना तोंडावर आला होता.

त्या बाईंनी उपचार दोन्ही बाजूंनी बांधला. झाडूच्या दांड्याला कापड व रबर गुंडाळून मूठ जाड करायला शिकवले, म्हणजे बोटे पुरती मिटली नाहीत तरी पकड बसावी. जखम पुरेशी भरल्यावर बोटे चालवण्याचे जे काम होते, त्यातले बरेचसे ढोलकीच्या ठेक्यावर करून घेतले. मुलगी रोज बरोबर जात असे, केसपेपर सांभाळत असे आणि पाहत असे. मी विचारले, हे तू अर्जात का लिहिले नाहीस? ती म्हणाली, "वर्गातल्या सरांनी सांगितले की वडिलांचे काम सांगू नकोस, वाईट परिणाम होतो. त्याऐवजी वृद्धाश्रमातील स्वयंसेवेचे लिही."

वाचकहो, त्या सरांना मी काय म्हणून दोष देऊ? सुमारे वीस वर्षांपूर्वी एका संस्थेत मी मुलाखतीला गेलो होतो. आडनाव, गाव, वडील काय करतात, एवढ्या तीन प्रश्नांत ती आटोपली. माझे वडील कचऱ्याच्या गाडीवर होते. मी म्हणालो, "नगरपालिकेत नोकरीला आहेत." वाक्य खोटे नव्हते, परंतु ज्या सफाईने ते माझ्या तोंडून बाहेर पडले, ती सफाई मला आजही डाचते. वकिली मी त्या दिवशी सुरू केली असे म्हटले तरी चालेल. तेव्हा लपवण्याचा सल्ला भित्र्याचा आहे, असे मी म्हणत नाही. तो अनुभवातून आलेला आहे. परंतु या शास्त्राच्या मुलाखतीला तो लावणे ही शुद्ध चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे की, या मुलाखतीत जे पारखले जाते ते नेमके हेच आहे. परीक्षक विचारतात: हा व्यवसाय ज्याने कधी ऐकला नाही त्याला तो समजावून सांगा. फिजिओथेरपी सोडून इकडे का आलात? प्रत्यक्ष पाहिलेला एखादा उपचार सांगा. तुमचे चुकले कोठे? ज्याचे जगणे तुमच्यासारखे नाही अशा माणसाबरोबर काम करताना काय शिकलात? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या जाड केलेल्या झाडूच्या मुठीत होते, आणि मुलगी ते घरी ठेवून वृद्धाश्रमात जाऊ पाहत होती. जेथे ती, तिच्याच कबुलीप्रमाणे, एकूण चार वेळा गेली होती.

ती आणखी एक गोष्ट बोलली, आणि ती ऐकून मी उठून बसलो. ती म्हणाली, "काका, बाबांचा हात बरा झाला आणि तो पुन्हा त्याच कचऱ्यात गेला. हातमोजे तेव्हाही नव्हते. मग बरे कोणाला केले? बाबांना की खात्याला?" हा प्रश्न छापील सव्वीस प्रश्नांत नव्हता, आणि तो असणे शक्यही नव्हते. ज्या समाजात माणसाचा व्यवसाय त्याच्या जन्माबरोबर ठरवला गेला, त्या समाजातील मुलीलाच तो सुचू शकतो. व्यवसाय जन्माने ठरवणारी तरतूद केवळ रूढीत नव्हती, ती कायद्यात होती. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने गावकामगार महाराची चाकरी वंशपरंपरेने बांधून टाकली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आणि ती कनिष्ठ गावकी वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या नावातच 'पुनर्वसन' हा शब्द आहे. म्हणजे हात बरा करून त्याच कामावर परत धाडणे हे पुनर्वसन नव्हे, हे विधिमंडळालाही कळलेले आहे. १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असे दाखवून दिले. हे सर्व त्या मुलीला तोंडपाठ होते. मात्र ते आपल्या अभ्यासविषयाशी जोडण्याचे धैर्य तिला झाले नव्हते, कारण ते 'समाजाचे' आणि हे 'कॉलेजचे' असे दोन कप्पे तिने मनात पाडले होते.

तो जोड शास्त्रानेच केलेला आहे. व्यवसायविषयक न्याय, व्यवसायापासून वंचित राहणे, या कल्पनांची चर्चा या क्षेत्रात गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. वंशभेदी राजवटीसाठी वापरला जाणारा 'अपार्थाइड' हा शब्दही तेथील लेखकांनी माणसांच्या व्यवसायांवर लादलेल्या बंधनांना लावला आहे. जागतिक महासंघाने २००६ साली मानवी हक्कांविषयी आपली भूमिका जाहीर केली आणि २०१९ मध्ये ती नव्याने मांडली; स्वतःला अर्थपूर्ण वाटणारा व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे तिचे सार. हा मजकूर छोटासाच आहे. मुलाखतीस जाणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. परीक्षकांपुढे त्यातले शब्द फेकण्यासाठी नव्हे, तर आपण जे घरी पाहिले त्याला त्या शास्त्रात नाव आहे हे कळावे म्हणून.

येथे मी कायद्याचाही थोडा विचार करतो, कारण मुलाखत ही अन्यायाची जुनी जागा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अजय हसिया यांच्या खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरात दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई आणि प्रश्न बहुतेक आईवडिलांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी असत, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. मुलाखतीचे गुण एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक ठेवणे हे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने सांगितले. आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, अशी अपेक्षाही व्यक्त केली. तो निकाल वाचताना मला माझे तीन प्रश्न आठवतात.

अमेरिकेत निराळा कायदा आहे. तेथे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला वंश, वर्ण वा राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करता येत नाही, असे १९६४ चा नागरी हक्क कायदा सांगतो. १९७२ च्या कायद्याखालील नियमांनुसार प्रवेशापूर्वी विवाहाची चौकशी करता येत नाही, आणि १९७३ च्या कायद्याखालील नियमांनुसार अपंगत्वाची. तेव्हा "लग्न केव्हा करणार?" असे कोणी विचारलेच, तर आपल्या मुलीने लाजून उत्तर देण्याचे कारण नाही, "या अभ्यासक्रमासाठी माझा पूर्ण वेळ मोकळा आहे" एवढे म्हणून पुढे जावे. जातीविषयी मात्र कायद्याचे कवच सर्वत्र सारखे नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. सिएटल शहराने २०२३ मध्ये तसा कायदा केला. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक तेथील राज्यपालांनी परत पाठवले. ज्या विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा त्याच्या धोरणात 'जात' हा शब्द आहे की नाही, हे आधी पाहून ठेवावे. मुलीच्या मनात भीती होती ती हीच की परीक्षकांत कोणी आपल्याकडील निघाले आणि आडनावावरून ओळखून बसले तर? ही भीती खोटी आहे असे सांगणारा मनुष्य एकतर भोळा आहे, नाहीतर त्याला आडनाव लपवावे लागलेले नाही.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यात, प्रवेशात वंशाला वंश म्हणून वजन देण्यास मनाई केली. त्या निकालाविषयी माझे मत अनुकूल नाही. तथापि त्याच निकालात असेही म्हटले आहे की अर्जदाराने आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे सांगितले, आणि त्यातून त्याचा कोणता गुण वा कोणती क्षमता दिसते हे दाखवले, तर ते विचारात घेण्यास विद्यापीठाला मनाई नाही. निकाल वंशाविषयीचा आहे, जातीविषयीचा नव्हे. परंतु बोलण्याची जी रीत तो दाखवतो ती आपल्याला उपयोगी आहे. "मी अमुक समाजाची आहे" हे विधान झाले. "हात बरा झाल्यावर तो कोठे जातो हे मी दहावीत पाहिले, म्हणून उमेदवारीच्या काळात मी प्रत्येक रुग्णाला त्याच्या कामाची जागा कशी आहे हे आधी विचारत असे" ही साक्ष झाली.

याच ठिकाणी एक धोका आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. आपले दुःख परक्यांपुढे मांडून त्यावर प्रवेश मिळवणे, यात एक प्रकारची विक्री आहे. ऐकणाऱ्याला डोळे पुसायला लावणारी कहाणी सांगण्याचाही आता वर्ग निघतो. ते मला मान्य नाही. वडिलांची जखम ही वडिलांची आहे. मुलीच्या गुणपत्रिकेवर ती चढवता येत नाही. म्हणून मी तिला दोन अटी घातल्या. पहिली, वडिलांना विचारल्यावाचून एक शब्दही बोलावयाचा नाही. दुसरी, जखमेवर एक वाक्य, आणि तू काय पाहिलेस, काय शिकलीस, पुढे काय केलेस यावर उरलेली सर्व वाक्ये.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही तयारी केली. प्रथम तिने हे शास्त्र काय आहे ते मराठीत आपल्या आजीला समजावून सांगावे, असे ठरले. जे आजीला कळले तेवढेच इंग्रजीत न्यावयाचे. इंग्रजी सावकाश बोलावे, उच्चाराची लाज धरू नये. समोरच्यालाही आपल्या रुग्णांचे उच्चार समजून घ्यावे लागतात. काही विद्यापीठे एकच दीर्घ मुलाखत न घेता अनेक छोट्या मुलाखतींची साखळी लावतात. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतून पसरली. तीत एखादा पेच वाचावयास देतात आणि मोजक्या मिनिटांत त्यावर बोलावयास सांगतात. उदाहरणार्थ, रुग्णाला घरी जावयाचे आहे आणि मुलगा नको म्हणतो. तुम्ही काय कराल? येथे घाईने निकाल देणारा फसतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे मांडून, आणखी काय विचारून घ्याल ते सांगून, मग आपले मत द्यावे. वकिलाच्या घरी हे शिकण्यास अडचण पडली नाही. परीक्षकांना उलट विचारण्याचे प्रश्नही तिने लिहून काढले: प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोठे मिळेल, मार्गदर्शक कोण, शुल्कात सवलत आहे काय. आणि हो, घड्याळ. अमेरिकेत मार्चमध्ये व नोव्हेंबरमध्ये घड्याळे एक तास पुढेमागे होतात. तिची एक मुलाखत मार्चमध्ये नेमकी त्या बदलानंतर होती. जुन्या हिशेबाने ती तासभर उशिरा बसली असती.

वडिलांना विचारले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांग. पण मी झाडू सोडला असे सांगू नकोस. अजून तीन वर्षे नोकरी आहे."

मुलाखत आपल्या रात्री साडेआठला झाली. ढोलकी म्हणजे काय, असे एका परीक्षक बाईंनी विचारले, तेव्हा मुलीने टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला आणि कोणते बोट आजही पुरते उठत नाही तेही सांगितले. दुसऱ्या विद्यापीठाने तिला नाकारले. या विद्यापीठाचे पत्र आले आहे. आता प्रश्न पैशाचा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन्हींच्या अटी आम्ही वाचत आहोत. उत्पन्नाचा दाखला मात्र कचेरीतून अद्याप हाती आलेला नाही. त्यासाठी सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे.